पुसलेला भंडारा

मु. राहू, रविवार

आक्का,

कोरोनातनं उठल्यावर माझा डावा गाल सुजला, तवा दाढच असंल म्हणून मी त्याच्यावर खंडोबाचा भंडारा थापून बसलो होतो. तू कारेगावहून आलीस आन् काही न विचारता ओल्या पदरानं गाल पुसलास. देवाचा भंडारा पुसला म्हणून मी तुला नको ते बोललो. पण त्या पिवळ्याखाली कातडी काळी पडली होती. ती कोरोनानंतरची काळी बुरशी होती.

पुण्यात डॉक्टर म्हणाले, बुरशी डोळ्यापर्यंत चढलीय, डोळा काढला तरच माणूस वाचंल. माझी बायको सही करायला धजली न्हाई, सही तू केलीस. त्यानंतर तीन भाऊबीजा मी तुझ्याकडं आलो न्हाई. आक्कानं माझा डोळा घेतला, असं गावभर सांगत फिरलो.

आता बरं चाललंय. एका डोळ्यानं मेंढरं राखतो. नातीचं पहिलं पाऊल त्याच डोळ्यानं बघितलं.

हे तुझ्यासमोर माझ्यानं बोलवणार न्हाई, म्हणून लिहितोय. पत्र टाकणार न्हाई. यंदा भाऊबीजेला मीच येतोय. भंडारा हल्ली कपाळालाच लावतो. गाल तुला बघायला मोकळा ठेवलाय.

तुझा,
नवनाथ