वर बघण्यासारखं काही

३ फेब्रुवारी

चि. टेपोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोन केला की ‘ताई, साइटवर मापाची टेप लावतोय’ म्हणून कापतोस, म्हणून हे पत्र.

आमचं जन्म-मृत्यू नोंदणीचं ऑफिस नव्या इमारतीत हलवलंय. लिफ्ट आहे, खुर्च्या गोल फिरतात. तरी तक्रारपेटी आठवड्यात भरते; जुन्या दालनात तिच्यात कोळ्याने संसार थाटला होता. माणसं तीच, खिडक्या तेवढ्याच, माझा हातही तेवढाच चालतो. मग बिघडलं काय? मला वाटतं, तिथे रांगेतले लोक वर बघायचे. ते उंच लाकडी छत, तुळयांमधले कोरीव पक्षी! इथे वर पांढरे चौकोन आणि ट्यूबलाइट. मग सगळे माझ्याकडे बघतात. दिवसभर कुणी टक लावून बघत राहिलं की हात चुकतोच. काल एका तान्ह्या बाळाची नोंद मी मृत्यूच्या रजिस्टरात करायला घेतली. त्याच्या आजीने माझा जो उद्धार केला, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.

जुनं दालन पाडायचं की ठेवायचं, याचा अहवाल तुझ्याकडे आहे म्हणे. निवृत्तीला अकरा महिने उरलेत रे. मला त्या छताखालूनच घरी जायचंय.

पिल्लांना पापे. माया आहेच, ती आटणार नाही एवढं तू बघ.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू बाळाला परस्पर वर पाठवत होतीस हे वाचून आमच्याकडे सगळे पोट धरून हसले. हिने तर पत्र शेजारीही वाचून दाखवलं.

आता कामाचं. अहवालात प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने असतात: वस्तू, स्थिती, उपयोग. छतापुढे मी कच्च्या मसुद्यात लिहिलंय: ‘गळके. उपयोग: नाही.’ रागावू नकोस. ‘माझ्या बहिणीला आवडतं’ हे समितीपुढे मांडलं तर ते माझीच स्थिती ‘गळकी’ लिहितील. बुधवारी शेवटची मापं घ्यायला येतोय. रात्री तुझ्याकडे जेवायला येईन, पण एका अटीवर: छताबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

रागावलीस तरी लोभ चालू ठेव.
तुझा टेपोबा

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बुधवारी तुझं जेवण निवलं, त्याची शिक्षा भोगायला तयार आहे. पण आधी ऐकून घे.

तुमची जुन्या नोंदींची एक खिडकी अजून त्या दालनातच आहे ना? मी टेप काढून मधोमध उभा राहिलो. मापाआधी सहज पक्षी मोजायला लागलो. तेहेतिसाव्याला मागचे आजोबा म्हणाले, खांबाआडचा एक सुटला. त्यांच्या मागची बाई म्हणाली, तो पक्षी नाही, पान आहे. झालं, आम्ही तिघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मान दुखायला लागली तेव्हा खाली बघतो तर मी खिडकीपाशी! नकळत रांगेबरोबर सरकत आलो होतो. कारकुनाने विचारलं, काय हवंय? मागे अठरा माणसं. ‘पक्षी मोजतोय’ कसं सांगणार? स्वतःच्याच जन्माचा दाखला मागितला. मिळाला. मी जन्मलोय.

ताई, पन्नास मिनिटं गेली होती. चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर उठून जाणारा मी, घड्याळाकडे बघितलंही नाही. मग तुझ्या साहेबांकडून तक्रारींचे कागद मागवले. जुन्या दालनात वर्षभरात चार, नव्या इमारतीत तीन आठवड्यांत एकसष्ट. मग शिडी लावून वर चढलो. छत गळतं ते पन्हळीत पाला तुंबलाय म्हणून. लाकूड ठणठणीत आहे. हे सगळं होईपर्यंत शेवटची बस गेली.

उपयोगाच्या रकान्यात आता लिहिलंय: ‘वाट बघणाऱ्यांना वर बघण्यासारखं काहीतरी मिळतं.’ सोबत तक्रारींचे आकडे. तू माझी बहीण आहेस, हेही पहिल्याच पानावर नोंदवलंय. समिती हसेल. हसू दे.

लोभ असू दे, आणि आमटी गरम.
तुझा टेपोबा

१२ मार्च

चि. टेपोबास,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच. परवा तुझी समिती दालनात आली होती. नऊजण माना वर करून गोलगोल फिरत होते. एक म्हणे सेहेचाळीस, दुसरा म्हणे पंचेचाळीस. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना गप्प करून स्वतः मोजले. आज साहेबांनी निर्णय वाचून दाखवला: पन्हळी दुरुस्त करायच्या, दालन ठेवायचं, जूनमध्ये आम्ही परत. आमचा शिपाई खुर्चीसकट गोल फिरला.

एक चूक मात्र राहिली. अहवालात तू पक्षी सत्तेचाळीस लिहिलेत. आहेत अठ्ठेचाळीस. शेवटचा खिडकीच्या आतल्या अंगाला, बरोबर माझ्या जुन्या खुर्चीच्या वर. रांगेतून दिसत नाही. मान वाकडी करून खाली बघतो, मी नावं नीट लिहितेय ना हे तपासत असल्यासारखा. एकोणीस वर्षांत कुणाला बोलले नाही. माझ्यानंतर त्या खुर्चीवर जी कोणी बसेल, तिला पहिल्या दिवशी दाखवायचा म्हणून राखून ठेवलाय.

अहवाल दुरुस्त करू नकोस. जेवायला ये, या वेळी खरंच.
तुझी ताई