रद्द झालेली बास्केट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची यादी लागली. बारा नावं. माझं नाही!

जिमखान्याच्या दारावर लावली होती. दोनदा वाचली, खालून वर आणि वरून खाली. पायल शेजारीच उभी होती. ती कॅप्टन, तिला आधीच माहीत असणार. माझ्याकडे बघतच नव्हती. तिला वाटलं मी आता रडणार.

आणि मला — खरं सांगू? — हुश्श झालं.

दोन वर्षं बेंचवर काढली. सर बदली खेळाडूसाठी बेंचकडे वळले की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचे. सुटलेली नसली तरी! पाच फूट एक इंच उंची, त्यात डाव्या हातात बॉल टिकत नाही. मला खेळ आवडतो, खेळायला भीती वाटते. आता ती कटकट संपली.

घरी सांगितलं तर बाबा शर्टाची बटणं लावता लावता थांबले. सेकंड शिफ्टला निघाले होते. "नाव का नाही? मी भेटू का सरांना?"

नको! नको! नको!

४ नोव्हेंबर

भोईर सरांनी बोलावलं. "यशोधरा, घरी बसायचा नाय हां. टेबलवर बसशील. अक्षर चांगला हाय तुझा, नि डोका शांत." सर कधी कुणाची स्तुती करत नाहीत. दिवसभर हवेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्कोअरशीट शिकले. दिसतं तेवढं सोपं नाही. बास्केट झाली की त्या टीमच्या रांगेत पुढच्या आकड्यावर तिरकी रेघ, बाजूला खेळाडूचा नंबर. फाउल वेगळ्या रकान्यात. मी आकडा मोठ्याने सांगायचा आणि शेजारी बसलेल्या फर्स्ट इयरच्या मुलीने बोर्डावरचा पत्रा उलटायचा. शेवटी रेफरीची सही. ती झाली की निकाल पक्का.

कोर्टच्या बरोबर मधोमध बसायला मिळतं. सगळं दिसतं. बेंचवरून एवढं कधी दिसलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पर्धेची पहिली मॅच आरामात जिंकलो. शीटवर एकही खाडाखोड नाही. सर म्हणाले, "छापल्यासारखा."

१९ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो!! ४६-४५!!

अकरा वर्षांनी आपलं कॉलेज सेमीत. समोर वांगणीचं कॉलेज — नवीनच निघालंय, नाव कुणी ऐकलं नव्हतं. पण पोरी काय पळतात! त्यांची कॅप्टन जिज्ञासा, सहा नंबर, तिने एकटीने पायलला घाम फोडला. आमचंच कोर्ट, आमचंच पब्लिक, नुसता राडा चाललेला. शिट्टीसुद्धा ऐकू येत नव्हती.

शेवटचे चार सेकंद. आम्ही एकाने पुढे. त्यांच्या एका बारक्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा तर रिंगला लागलाच नाही. ती तिथेच खाली बसली. आमच्या पोरी तिच्या बाजूने ओरडत धावल्या. सर नाचत होते, खरंच नाचत होते! "जिकलो गो पोरींनो!"

मी पळत जाऊन रेफरीची सही घेतली.

आईने शेवयांची खीर केली.

२० नोव्हेंबर

पायलच्या भावाने, हितेशने, अख्खी मॅच मोबाइलवर शूट केली होती. ग्रुपवर टाकली. सगळ्या जणी तुकडे तुकडे कापून स्टेटसला ठेवतायत.

मीही बघितली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पायल आत घुसते, बॉल रिंगमधून खाली पडतो. पण त्याच्या आधी शिट्टी आहे. बारीक ऐकू येते. पायलचं एक पाऊल जास्त पडलंय. रेफरी दोन्ही हात छातीसमोर कात्रीसारखे हलवतो — बास्केट रद्द! मागे बोर्ड दिसतो. पत्रा उलटतो. ३२ चे ३४.

मी लिहिली ती. खोडली नाही. त्या आरडाओरड्यात माझ्या लक्षातच आलं नाही.

वांगणीच्या मॅडम तेव्हा एका मुलीच्या घोट्याला बर्फ लावतायत. बोर्डाकडे कुणाचंच लक्ष नाही.

म्हणजे ४४-४५.

आपण हरलोय.

२१ नोव्हेंबर

कुणालाच दिसलं नाहीये. कुणीच बोलत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पायलच्या घरी सगळी टीम. कॅम्प चारच्या सिंधी वस्तीत. तिच्या मम्मीने दाल पकवान केलं होतं, तिच्या पप्पांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं! हितेशने टीव्हीवर मॅच लावली. ती बास्केट आली तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले.

पायल स्वयंपाकघरात आली आणि गळ्यातच पडली. "यशो, शादी की बात चल रही थी ना घर में? पप्पा म्हणाले, आधी खेळ. एक साल रुकते हैं."

दोन पकवान खाल्ले. बाकीचे ताटात तसेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं! सरांना सांगितलं!

सकाळी ग्राउंडवर एकटेच होते, चुन्याच्या रेघा मारत. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी बघितलं. परत बघितलं. चुन्याचा डबा खाली ठेवला आणि चष्मा लावून तिसऱ्यांदा बघितलं.

मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "सही झालीय गो रेफरीची. नियमाने निकाल बदलत नाय. कागदावर आपण जिकलोय."

मी म्हटलं, "हो सर."

"तरी सांगितलास."

"हो सर."

मग बराच वेळ ते रेघच मारत राहिले. ती वाकडी आली. पायाने पुसली. "पोरींना उद्या संध्याकाळी थांबव. मी बोलतो. चूक टेबलची हाय असा सांगीन, तुझा नाव घेनार नाय."

टेबलवर लिहायला दुसरं कोण होतं, सर?

पण पाच दिवसांनी पोटभर जेवले. आई बघतच राहिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट झालं. अपेक्षा होतीच.

सरांनी व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले, "काय करायचा ते तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करनार नाय." आणि सरळ चहाला निघून गेले.

मी उभी राहून सांगितलं की चूक माझी. मग जे सुरू झालं! एक म्हणे, नियमच आहे तर आपण कशाला पुढे पुढे करायचं. दुसरी म्हणे, त्या आपल्या जागी असत्या तर त्यांनी सांगितलं असतं का?

पायल तर पेटलीच. "तू पागल है क्या? ग्यारह साल में पहली बार! कुणी विचारलं होतं तुला? खुद को टीम में नहीं लिया म्हणून आता आमची वाट लावतेस?"

हे लागलं. फार लागलं.

ती बॉल घेऊन एकटीच टोकाच्या बास्केटकडे गेली. शॉट मारत बसली. आम्ही सगळ्या नुसत्या आवाज ऐकत होतो — थप, थप. पंधरा-वीस मिनिटांनी परत आली. घामाने भिजलेली. बॉल काखेत.

"मैंने सीटी सुनी थी," ती म्हणाली. "तीन पावलं पडली होती माझी. मला वाटलं रद्द झाली असेल. नंतर बोर्ड बघितलाच नाही." मग सगळ्यांकडे बघून, मला सोडून, "चलो. वांगणीला जाऊ. हात वर करा."

तिचा हात पहिला. मग एक, मग दोन. दोघींनी नाही केला. दहा विरुद्ध दोन.

माझ्याशी बोलली नाही. बॅग उचलली आणि गेली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सरांच्या ओम्नीतून वांगणी. सर, पायल, मी. पायल पुढे, मी मागे. बदलापूरला सरांनी उसाचा रस पाजला.

त्यांचं ग्राउंड म्हणजे शेताला लागून सपाट केलेला तुकडा. एका रिंगला जाळी नाही. बॉल कुंपणापलीकडे गेला की एक जण उडी मारून जाते, भाताच्या खुंटांतून शोधून आणते. जिज्ञासाने आम्हाला ओळखलं. चेहरा एकदम बंद झाला तिचा.

मीच बोलले. पाठ करून गेले होते, सगळं विसरले. "आमचे दोन पॉइंट जास्त लागले होते. मी लावले. तुम्ही जिंकला होतात." एवढंच.

ती म्हणाली, "काय?"

परत सांगितलं.

ती वळली आणि एवढ्या जोरात ओरडली! "अगं ए! आपण हरलो नव्हतो!"

मग त्यांच्या मॅडमनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. ती बारकी मुलगी, दोन फ्री थ्रो चुकलेली — वेणू तिचं नाव. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येते, दीड तास लागतो. त्या दिवसापासून आलीच नाही. ग्राउंडवरही नाही, कॉलेजलाही नाही. म्हणते, माझ्यामुळे सगळ्या हरल्या. बापाने सांगितलं, मग कशाला जातेस एवढ्या लांब, घरी बस.

जिज्ञासाने तिथेच फोन लावला. स्पीकरवर. रेंज जात-येत होती. "वेणू, ऐक. तू ते दोन मारायच्या आधीच आपण एकाने पुढे होतो. कळतंय का? पुढे होतो!"

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडला.

मग हळूच, "नक्की ना गं?"

पायलने माझा दंड पकडला. इतका घट्ट की अजून दुखतोय.

परत येताना सरांनी स्पर्धेच्या कमिटीतल्या दौलतरावांना फोन लावला. ते आधी वैतागले, मग हसले. "चाळीस वर्षांत असलं काही ऐकलं नाही. दोन्ही कॉलेजांची पत्रं द्या आणि सेमीच्या आधी पुन्हा खेळून मोकळे व्हा." मोकळे व्हा! किती छान शब्द आहे.

२७ नोव्हेंबर

दिवसभर झोपले. लेक्चर बुडवलं. कित्येक दिवसांनी काहीही स्वप्न नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. ४१-५३.

धडधडीत, स्वच्छ, कुणाला काही शंका नाही असं हरलो! मॅच वांगणीला. टेबलवर कमिटीचा माणूस. मी प्रेक्षकांत, कुंपणावर. शीट हातात नसल्याने हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

वेणू आली होती. पहिल्या क्वार्टरमध्ये तिला फ्री थ्रो मिळाला. सगळं ग्राउंड चिडीचूप. आमच्यासुद्धा. पायल रेषेवर वाकून उभी होती आणि मला शपथेवर वाटतं, तिलाही तो आत जायला हवा होता. गेला! वेणू हसली नाही, नुसती पटकन मागे पळाली. मॅच संपेपर्यंत चौदा पॉइंट तिचे.

संपल्यावर त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. एकीच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी आली होती. सगळ्या जमिनीवर गोल करून बसलो. सर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आईशप्पथ, हरून येवढी भूक कधी लागली नव्हती."

पायल हसली. आणि माझ्या ताटात तिची अर्धी भाकरी टाकली. चार दिवसांनी पहिलं वाक्य: "खा. सूख गई है तू."

तिच्या लग्नाचं काय, विचारायची हिंमत नव्हती. तिनेच सांगितलं. पप्पांना सगळं कळलं. ते म्हणाले, जी मुलगी जिंकलेली मॅच परत देऊन येते तिला मी एक नाही, दोन वर्षं देतो!

ओम्नीत सगळ्या मावत नव्हत्या म्हणून टेम्पो केला. आमच्या अंबरनाथला उतरेपर्यंत गाणी. मीही म्हटली. भसाड्या आवाजात.

१ डिसेंबर

सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक सगळ्यांकडून होते. ती सांगायला यशोधरासारखा काळीज लागते." टाळ्या वाजल्या. बाबांना कुणीतरी सांगितलं असावं. आज शिफ्टवरून येताना जिलेबी.

३ डिसेंबर

वांगणी सेमी जिंकली. फायनलला गेल्या! आमच्या ग्रुपवर आमच्याच पोरी नाचतायत.

६ डिसेंबर, शनिवार

घरचे सगळे चैत्यभूमीला. रांगेत सात तास. आईचे पाय सुजले. बोलण्यासारखं काही नव्हतं. विचार करायला वेळच वेळ.

७ डिसेंबर, रविवार

जिज्ञासाचा फोन. फायनलला टेबलवर मी बसावं असं त्यांनी कमिटीला कळवलंय. दुसऱ्या टीमचीही हरकत नाही. "वेणू म्हणते, तीच हवी."

मी म्हटलं, "जिज्ञासा, रेफरीने हात हलवले ते मी बघितलं होतं. लक्षात आलं नाही हे खोटं आहे. बघितलं, आणि पेन तसंच धरून बसले."

सरांना हे सांगितलं नव्हतं. पायललाही नाही. या वहीतसुद्धा खोटं लिहिलंय.

पलीकडे बॉल आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मग ती म्हणाली, "वेणूला तू स्वतः सांग. शनिवारी दहाची मॅच आहे. नऊला ये."