पानावरून सफरचंद

डोणगाव, १२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या आजीला फोनवर ऐकू येत नाही आणि समोर बसून बोललेलं माझं ती ऐकत नाही, म्हणून पत्र; तुझं उत्तर तिला वाचून दाखवीन. शिवाय सोबत पानं पाठवायची होती.

सहा वर्षांपूर्वी तू हिमाचलातून आमच्या उन्हात तगणाऱ्या जातीचं सफरचंद आणलं होतंस. तेव्हा आईचे दात शाबूत होते. ते कडाकडा खाऊन तिने बी परसात पुरलं. त्या झाडाला यंदा पहिल्यांदा फुलं आलीत, आणि नेमकं तिथेच मला सोयाबीनसाठी पत्र्याचं शेड टाकायचं आहे. झाड काढू म्हटलं, तर मले विचारल्याबिगर फांदीले हात लावून पाह्य, असं तिने बजावलं.

शेवटी तुझ्यावर सोपवलं. पानावरून फळ कसं निघेल ते तुमच्या सफरचंद संशोधन केंद्रात कळतं, असं तू मागे म्हणाली होतीस. तुझ्या सफरचंदासारखं कडक निघणार असेल तर झाड राहील, नाहीतर पाडव्यानंतर कुऱ्हाड. आईनेही हे कबूल केलंय. पण पानाला फळाचं कसं ठाऊक, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. ते नीट समजावून लिही.

तुझा,
गोकुळकाका


सोलन, ९ मार्च २०२५

ती. गोकुळकाकांस,
सा. न. वि. वि.

पानं पोचली. काका, आईबापांकडून आलेली जनुकं झाडाच्या सगळ्या पेशींत सारखीच असतात, पानातही आणि फळातही. म्हणून फळ धरण्याआधीच आपण पानाला विचारू शकतो.

सफरचंदाच्या पेशी एका गोंदाने चिकटलेल्या असतात. गोंद घट्ट असला की दाताखाली पेशी फुटते आणि रस उडतो. तो लवकर विरघळला की पेशी नुसत्या सुट्या होतात, तोंडात पीठ पीठ लागतं. आजीच्या झाडाला गोंद लवकर विरघळवणारी जनुकं दोन्हीकडून मिळालीत. आमच्या कडक झाडातही मऊपणा दडलेला होता, उरलेला दुसऱ्या झाडाच्या परागकणांतून आला. कोयीचा आंबा तरी कुठे हुबेहूब आईसारखा निघतो? पैजेवर सांगता येत नाही, पण फळ बहुतेक मऊच निघेल. अशी रोपं आम्ही उपटून टाकतो, कारण त्यांची फळं बाजारापर्यंत टिकत नाहीत.

हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. आजीला बेतानं सांगा.

तुमची,
प्रेरणा


डोणगाव, १५ जून २०२५

चि. प्रेरणा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवताना आई रडेल अशी मला धास्ती होती. तर ती हसायला लागली आणि मऊ निघेल तो भाग पुन्हा वाचायला लावला. दात गेल्यापासून तिने सफरचंद खाल्लेलंच नाही, कवळी टोचते. मेहकरहून मी आणलेली सफरचंदं ती गुपचूप तुझ्या काकूला द्यायची. मी समजत होतो तिला आवडत नाहीत. ऐकून जीव चुटपुटला.

शेड गोठ्याकडे टाकलं. ट्रॅक्टर वळवताना रोज करवादतो, पण झाड उभं आहे.

मोजकीच फळं टिकली. पहिलं शेगावला महाराजांपुढे ठेवून आलो. दुसरं काल आईने अंगठ्याने दाबून फोडलं आणि हिरड्यांनी सावकाश खाल्लं. तुझं पान खरं बोललं, नुसतं पीठ. मला एक घासही गेला नाही. आईने मात्र सालसुद्धा चोखली.

मग तिने तुला विचारायला सांगितलंय की तुम्ही पोरं मऊ झाडं काऊन उपटून राह्यले, तिकडे कोणी म्हातारं होत नाही काय. तू लिही, ती वाट पाहते आहे.

आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
गोकुळकाका