उसन्या गोळ्या

प्रिय सुमन,

‘प्रिय’ हा शब्द मी तुझ्यासाठी प्रथमच लिहीत आहे. नांदूरघाटाहून रोज केजला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला घरी पत्र लिहिण्याचा प्रसंग येत नाही, आणि तोंडाने असे शब्द उच्चारण्याची आपल्या पिढीत रीत नव्हती. आज मात्र लिहिणे भाग आहे. काल समोरची गया ऊसतोडीहून परत आली. तिने मला जे विचारले, त्याचे उत्तर फक्त तूच देऊ शकली असतीस.

तुला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हाचा आपला वाद आठवतो? “डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?” असे तू विचारलेस. मी जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. धुरावरून विस्तवाचे अनुमान करावे हे खरे, पण हा विस्तव धुराविना जळतो, असे मी तुला सविस्तर समजावले. तू शांतपणे ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, “बरं. मग धूर निघेपर्यंत मी चहा टाकते.”

त्या चहाबरोबर माझी गोळी आली. तोच विकार मला आधीपासून होता आणि माझा विसराळूपणा तुला माहीत होता. बशीत, कपाच्या कानाशी ठेवलेली ती गोळी त्यानंतर रोज येत राहिली. गोळी घ्यायची आहे हे मी कधी लक्षात ठेवलेच नाही. बशीत असे, मी घेत असे. तुझी तू आत जाऊन घेतेस, असे मी गृहीत धरले.

पाहिले नव्हते, सुमन. गृहीत धरले! माघात तुझ्या मेंदूत रक्तस्राव झाला, तुला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “गोळ्या नियमित चालू होत्या ना?” तू बोलू शकत नव्हतीस. तुझ्या वतीने मी ठामपणे “हो” म्हणालो. ती साक्ष खोटी होती, हे मला काल कळले.

गयाने ट्रॅक्टरमधून उतरवलेले बिऱ्हाड अंगणात तसेच टाकले आणि ती आधी आपल्या उंबऱ्यात येऊन बसली. मनसोक्त रडली. मग पदराची गाठ सोडून तिने गोळ्यांची पाकिटे माझ्यापुढे ठेवली.

“काका, ह्या घ्या. काकूच्या उसन्या व्हत्या. तिकडच्या मेडिकलातून घेऊन आले. उसनं ठिवू न्हाई माणसाचं, त्यात गेलेल्या माणसाचं तर न्हाईच.”

मला काहीच उमजेना. मग तिने सांगितले. निघण्यापूर्वी आरोग्य शिबिरात तिलाही रक्तदाब निघाला होता. मिळालेल्या गोळ्या हंगामभर पुरणार नव्हत्या, आणि उसाच्या फडातून दवाखान्यात जायला मुकादम सोडत नाही. “काकू म्हणल्या, रंग एकच हाय, घेऊन जा. मी एक दिसाआड घेईन, मला कुठं ऊस तोडायचाय?”

अगदी तुझे बोलणे! विरजण मागायला आलेल्या बाईला तू कधी रिकाम्या वाटीने परत पाठवले नाहीस. पण गोळी म्हणजे विरजण नव्हे. विरजण चमचाभर काढून दिले तरी आपल्या भांड्यात दही लागायचे राहत नाही. गोळीचे तसे नसते. आणि रंगावरून औषध ओळखायचे? मला का सांगितले नाहीस? मी ‘नको’ म्हणालो असतो हे तुला ठाऊक होते, म्हणूनच ना? मग तिला केजच्या डॉक्टरांकडे नेऊन मीच तिच्या गोळ्या आणून दिल्या असत्या, हे तुला का ठाऊक नव्हते?

गयाने नाक पुसले आणि विचारले, “माझ्यामुळं गेल्या का वो काकू?”

मी आरंभ केला, “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानेच फांदी...”

“काका, कालिजातलं नका सांगू. व्हय का न्हाई, तेवढं सांगा.”

‘नाही’ म्हणणे सोपे होते, दयाळूपणाचेही होते. पण ज्याने एकदा न तपासता ‘हो’ म्हटले, त्याने पुन्हा न तपासता ‘नाही’ कसे म्हणावे?

“माहीत नाही,” मी म्हणालो. “आणि ते आता कुणालाच कळणार नाही.”

“मंग म्या बी खात न्हाई. काकूच्या वाट्याची गोळी घशाखाली उतरंना. तिकडं काकू गेल्याचा फोन आला तवापसून बंदच केल्यात.”

मी घाबरलो. त्याच गल्लीतून, त्याच विकाराने आणखी एक बाई न्यावी लागणार, आणि आपण उंबऱ्यात बसून पाहणार?

“गया,” मी म्हणालो, “या गोळ्या मी दिल्या नव्हत्या, मग त्या मला कशा परत करतेस? काकूने ज्यासाठी दिल्या, तेच तू थांबवलेस. म्हणजे उसने अजून तसेच आहे. ते तुला जगूनच फेडावे लागेल.”

मग तिची नजर माझ्या चहाच्या कपाकडे गेली.

“आन तुमी घेता का तुमची? काकू बशीत ठिवायच्या की. बशी कुठं हाय?”

तू गेल्यापासून मी बशी काढलेलीच नाही, सुमन. रिकामी बशी पाहवत नाही.

“मंग मला कावून सांगता?” गया उठली, तिने फडताळातून बशी काढली, माठातले पाणी आणले आणि परत केलेल्या पाकिटातली एक गोळी बशीत ठेवू लागली. “रंग एकच हाय, घ्या.”

मी ओरडलोच! ती पाकिटे तिच्या हातून काढून घेतली, माझे पाकीट शोधून आणले आणि तिच्यासमोर गोळी घेतली.

“घेतली?”

“घेतली.”

“उद्या माझी बघा.”

ती गेली. घरात पुन्हा कोणी उरले नाही.

आज तिला डॉक्टरांकडे नेणार आहे. तपासून, तिच्या नावाने, पुढच्या हंगामाला पुरेल एवढे औषध मिळवीन. तेवढा वाद मला घालता येतो. तुझ्या डॉक्टरांना भेटून माझी साक्षही दुरुस्त करीन. आणि बशी रोज काढीन, हे तुला वचन. गोळी मीच ठेवीन, मीच उचलीन. मध्ये फक्त क्षणभर थांबेन. “अहो, घ्या ना, चहा निवतोय” असे आता कोणी म्हणणार नाही, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही थांबेन.

तुझा,
अहो