टाकीला ओ देऊ नये

४ नोव्हेंबर
स्टँडवर कुणी आलं नाही. पोटचा पोरगा सेमारांग शहरात सरकारी नोकरीला, आणि म्हातारीनं तांदळाचं पोतं घेऊन रिक्षावाल्याशी भांडत यायचं! वागिनो म्हणे मोबाइलवर पाणी बघत होता. आभाळात ढग नाही, कसलं पाणी बघतोस, विचारलं तर दात काढले. सून यात्मी धावत आली, माझा हात कपाळाला लावला, पोतं घेतलं. तोंडाची गोड आहे. लग्नाला वर्षं लोटली, कूस अजून रिकामीच.

घर मात्र झकास. फरशी, दारात नळ, मागं आंबा. समोर फुटबॉलचं मैदान आणि मैदानाच्या पोटात टाकी, अख्खा बाजार मावेल एवढी. पावसाचं पाणी गल्ल्यांत शिरायच्या आत तिच्यात उतरवायचं, समुद्राला ओहोटी लागली की हळूहळू नदीत सोडायचं. पूर्वी झडपांची चाकं फिरवायला चार गडी लागत. यंदा सेन्सर बसवले, झडपा आपल्या आपण उघडतात-मिटतात. वागिनो एकटा मोबाइल धरून बसतो. ह्याला काम म्हणायचं! जेवायला सोयाबीनचा टेम्पे तळला होता. चांगला होता. सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
यात्मीनं गुडघे चोळले. हातात जोर नाही, पण न सांगता करते.

जेवताना वागिनोनं हसत हसत सांगितलं. टाकी खणली तेव्हा जमिनीचा मान म्हणून पांढऱ्या कापडात रेड्याचं डोकं पुरलं होतं, रीतसर. यंदा नव्या झडपांनाही डोकं द्या म्हणून मजूर अडून बसले. इंजिनिअर हेंद्रोसाहेब म्हणाले, माती कुठं खणतोय, तारा तर ओढतोय. आणि यंत्राला स्वतःचं डोकं असतं, रेड्याचं कशाला? मजूर हलेनात. मग माझ्या शहाण्यानं फणसाला कापड गुंडाळलं आणि तेच पुरलं. मौलवीनं फणसावर दुवा मागितली.

मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. यात्मी पार तिकडं बांडुंगची, तिला ह्यातलं काय कळणार. तीही हसत होती.

१५ नोव्हेंबर
कोरडं ऊन. मोबाइल ओरडला, टाकीत वीतभर पाणी चढलं. ओट्यासमोरचं टाकीचं झाकण उघडलं तर तळाच्या गाळाला भेगा. हेंद्रोसाहेब फोनवर म्हणाले, सेन्सरवर चिखल बसला असेल. पुसायला सुगेंग नावाचा गडी पाठवला. बडबड्या. माझ्याकडून कॉफी उकळली नि म्हणाला, आजी, वर कुणी पोरगी देत नाही, खाली मिळते का बघतो. उतरला.

थोड्या वेळानं आतून ओरडला, हो हो, आलो! त्याला कुणी बोलावलं नव्हतं. यात्मी बाजारात, वागिनो माझ्याशेजारी.

आणि कालव्याचं पाणी आत घेणारी झडप आपोआप उघडली.

काढला तेव्हा तोंड उघडंच होतं, बोलता बोलता थांबल्यासारखं. घशापर्यंत गाळ.

१८ नोव्हेंबर
साहेब म्हणतात तारेचा दोष. स्वतः येत नाहीत.

मगरिबची बांग होत होती. मी ओट्यावर केळीची पानं पुसत होते, वागिनो समोर बसलेला. यात्मी शेजारी गेलेली. झाकणाखालून आवाज आला. माझा. वागिनोला मी लाडानं हाक मारते तश्शीच: नो, दिवा दे रे खाली.

त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं. मी ओलं पान त्याच्या थोबाडावर हाणलं. दिवेलागणीला न दिसणाऱ्या माणसाला ओ देऊ नये, हे त्याला मी दुधाबरोबर पाजलंय. तो माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिला. खाली मी अजून बोलवतच होते.

यात्मीला सांगितलं नाही. सांगून काय, हसेल.

२१ नोव्हेंबर
नोकरी सोड म्हटलं. म्हणतो, पाऊस तोंडावर आलाय, दुसऱ्या कुणाला ह्या झडपा कळत नाहीत, खालच्या गल्लीत माणसं राहतात. बापावर गेलाय.

रेड्याचं डोकं आणवलं. खरं. पुरलं.

२२ नोव्हेंबर
सकाळी डोकं झाकणावर ठेवलेलं. धुऊन. कापडाची घडी शेजारी.

आता रेडा नको त्याला. चव कळलीय —

२३ नोव्हेंबर
पाऊस. टाकी भरत आली, नदीची झडप उघडत नाही. खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी. साहेब फोन उचलत नाहीत.

वागिनो म्हणतो, उतरतो, हातानं उघडतो. खोलीत ढकलला, कडी घातली. लाथा घालतोय दारावर. घालू दे. एकच पोरगा आहे मला.

बांग झाली —

हाक आली. आज माझ्या आवाजात नाही. नावही घेत नाही. नुसतं विचारतं, वर कोण आहे?

पुन्हा —

वागिनो लाथा मारायचा थांबला. ऐकतोय. ओ देईल मूर्ख — दाराला गोधडी लावली, तवा बडवतेय एका हातानं —

त्याला एक ओ हवी. कुणाची, ते म्हणत नाही.

यात्मी झाकणापाशी, छत्री घेऊन. तिला वाटतंय सुटका करणारी माणसं आलीत. खूश आहे. मला विचारते, आई, काय सांगू त्यांना —

यात्मी, तू ओ दे. वागिनोनं नाही. मी तर नाहीच. तूच दे, मोठ्यानं, तुझं नाव घेऊन —