खालून बसवलेली खीळ

जालना, १२ फेब्रुवारी १९५८

प्रिय उस्ताद,

खीळ खालून वर सारली, हातोडीचे तीन ठोके दिले आणि तिचं टोक वाकवलं. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. मग पायऱ्या उघडून त्यांवर उभा राहिलो. हलल्या नाहीत. ड्रायव्हर रखमाजी म्हणाला, आता माझी सासूसुद्धा चढेल. आम्ही दोघंही हसलो. पायऱ्यांची घडी घालून त्या मी दाराला टेकवल्या आणि हात धुतले.

तीर्थरूप लिहावं की जनाब, हे ठरेना, म्हणून प्रिय लिहिलं आहे. उर्दूत सुरुवात केली होती, पण चार ओळींनंतर थांबलो. शाळेत आम्हांला उर्दू शिकवली ती अर्ज लिहिण्यापुरती. तुमच्याकडच्या निजामोद्दीनला बाळबोध वाचता येतं, तो वाचून दाखवील. त्याला सांगा, मधलं काही गाळू नकोस आणि शेवट आधी पाहू नकोस.

सरकारने फिरता दवाखाना काढला आहे. ट्रकवर लाकडी खोली बांधली आहे. आत बाक, औषधांचं कपाट आणि पाण्याची टाकी आहे. दार मागे, जमिनीपासून कमरेइतकं उंच. पायऱ्यांचं काम आपल्या दुकानाकडे आलं. तुम्ही हैद्राबादला गेलात तरी दुकान मी अजून आपलंच म्हणतो. दारावरची पाटी तुमचीच आहे, दोनदा रंगवून घेतली.

पायऱ्या कशा करायच्या याचा विचार करावा लागला नाही. देशमुखांच्या बग्गीला तुम्ही घडीचं पायदान केलं होतं, तेच डोळ्यांपुढे होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. पायदान उघडं धरणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला एक खीळ. मी खीळ खालून घालायला गेलो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "ऊपर से डाल रे. जमीन सबकू बुलाती." वरून घातलेली खीळ झिजली तरी आपल्या वजनाने जागेवर बसून राहते. खालून घातलेली फक्त वाकवलेल्या टोकावर लटकते. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर दहा वर्षांत मी एकही खीळ खालून घातली नाही.

ट्रकला वरून खीळ घालायला जागा नव्हती, फक्त बाजूने टोक वाकवता येत होतं. खोलीच्या फळ्या आड येत होत्या. दोन फळ्या उचकटून पुन्हा बसवायच्या म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती, परतूरला हारतुरे तयार होते. मी मनाशी म्हटलं, गाडी फेरीवरून आली की फळ्या काढू. एवढंच.

सलमा दिवाळीनंतर आष्टीहून आली तेव्हा मला जालन्यात भेटली होती. तिला सातवा होता. पहिली दोन मुलं गेल्यापासून ती घाबरून असे. मी तिला गाडीचं सांगितलं. आत पुष्पाबाई नावाची नर्स आहे, बायकांना तीच तपासते, असंही सांगितलं. ती म्हणाली, आमच्या घरच्या बाया चारचौघांसमोर न्हाई चढत असं गाडीत. मी हटलो नाही. मी म्हणालो, पायऱ्या तुझ्या अब्बांच्या पद्धतीच्या करणार आहे, बग्गीच्या पायदानासारख्या. त्यावर ती हसली. "मंग चढावंच लागंल."

उस्ताद, ती आली ती माझ्या या वाक्यामुळे.

परतूरहून गाडी आष्टीला गेली तेव्हा मी सोबत होतो. माझं तिथे काम नव्हतं. सलमा चढताना पाहावं, एवढ्यासाठी गेलो. परतूर ते आष्टी रस्ता तुम्हांला माहीत आहे. काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडून वाळलेल्या. पायऱ्यांचा खडखडाट आत ऐकू येत होता. मी तो ऐकला आणि रखमाजीला गाडी थांबव म्हणालो नाही.

गाडी शाळेपाशी उभी राहिली. बायका रांगेत होत्या. आधी दोघी चढून उतरल्या, दोघीही हडकुळ्या. मग सलमा आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. "बराबर अब्बांसारखं केलं, गजाभाई." असं म्हणून तिने पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर डावी बाजू खाली गेली. ती पोटावर पडली, लोखंडाच्या कडेवर.

मी आधी पट्टीच्या भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. भोक रिकामं होतं.

पुढचं तुम्हांला जावयांनी कळवलं आहे. मूल त्याच संध्याकाळी गेलं. ती तिसऱ्या दिवशी. तुम्हांला तार उशिरा मिळाली आणि मातीला पोचता आलं नाही. मी होतो. खांदा दिला. कुणी मला काही विचारलं नाही, उलट पाणी दिलं.

दवाखान्याच्या साहेबांनी जबानी लिहून घेतली. त्यांनीच शब्द सांगितले: स्त्रीचा पाय बुरख्यात अडकून तोल गेला. गाडी बंद पडली तर पन्नास गावांचं औषध बंद पडेल, असं ते म्हणाले. ते खरंही असेल. मी सही केली. त्याच दिवशी डावीकडे नवी खीळ घातली. तीही खालून. वरून घातली असती तर आधी काय चुकलं होतं ते कुणालाही दिसलं असतं. गेला महिनाभर ती गाडी तशीच गावोगाव फिरते आहे, आणि बायका चढताहेत. रोज संध्याकाळी रखमाजी दवाखान्याच्या आवारात गाडी लावतो तेव्हा मी दुकानातून येऊन विचारतो, सगळं ठीक? त्याला वाटतं, गजानन फार काळजीचा माणूस आहे.

तुम्हीही माझ्याविषयी तसंच बोलता. पोलीस अॅक्शनच्या वेळी दुकानासमोर गर्दी आली तेव्हा गजानन दारात उभा राहिला, असं तुम्ही हैद्राबादेत सगळ्यांना सांगता. मी उभा होतो. पण तोंडातून शब्द काढला नाही. गर्दी पुढे गेली ती पुढच्या दुकानाकडे गेली. तेव्हापासून तुम्ही मला मुलगा म्हणता आणि मी ऐकून घेतो.

परवा तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलं आहे की चूक पोरीचीच, लहानपणापासून सांगत होतो, खाली बघून चाल, बुरखा सांभाळ. तिने ऐकलं नाही. गजाननने पायऱ्या चांगल्याच केल्या असणार, असंही लिहिलं आहे. पत्र मी दोनदा वाचलं. उस्ताद, चढण्याआधी सलमाने बुरखा काढला होता. पायरी नीट दिसावी म्हणून. त्याची घडी करून तिने पुष्पाबाईंच्या हातात दिली होती. ती खाली बघूनच चढली. तिला दोष देत तुम्ही उरलेले दिवस काढाल, हे मला सोसलं नाही. एवढ्याचसाठी लिहिलं आहे. माफी मागण्यासाठी नाही. पाटीवरचं नाव तुमचं आहे. दुकान कुणाला द्यायचं ते कळवा, किल्ली त्याच्या हातात देईन.

तुमचाच,
गजानन

१३ तारीख, सकाळ.

सहाला आवारात गेलो. दोन फळ्या काढल्या, दोन्ही खिळी वरून बसवल्या, फळ्या परत ठोकल्या. पुष्पाबाई शेजारी उभ्या होत्या. साहेबांना दुसरी जबानी लिहून दिली. त्यांनी वाचली आणि मला घरी जायला सांगितलं. गाडी साडेनऊला कुंभार पिंपळगावला गेली. पहिली डावी खीळ सापडलेली नाही. उजवी या पत्राच्या पाकिटात घातली आहे.

गजानन