लाईट गेल्यावर चालणारा माग

नाना, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. पुढे मी काय शिकले हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, म्हणून सोप्या शब्दांत सांगते. बारडोलीकडून उसाची चिपाडं आणायची, बंद भट्टीत भाजून त्यांचा कोळसा करायचा, त्यावर मँगनीजच्या एका संयुगाचा पातळ थर द्यायचा आणि त्यात वीज साठवायची. ‘इतली शिकनी आन् कोयसाच पाडा का?’ असं तुम्ही म्हणाला असतात आणि मला रागही आला असता. पण या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, वीज आत त्यांच्या भिंतींना चिकटून बसते. बॅटरी म्हणजे रांजण, भरायला वेळ आणि रिकामा व्हायलाही वेळ. आमचं हे म्हणजे तांब्या. मावतं थोडंच, पण झटक्यात भरतं आणि झटक्यात ओतता येतं. सुपरकपॅसिटर म्हणतात त्याला. नाव मोठं, लक्षण खोटं ठरू नये म्हणून इतकी वर्षं झगडतेय.

अशी झटक्यात वीज लागते कुठे, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माग चालवायचात तो नवागामचा कारखाना मला आठवला. मी डबा घेऊन आलेय आणि लाईट जाते. माग मध्येच थांबला की आडवा धागा नेणारं शटल ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकतं, पुन्हा चालू करताना धागे तुटतात, कापडावर आडवी रेघ उमटते आणि शेठ त्या रेघेवर बोट ठेवून सगळ्यांदेखत बोलतो. म्हणून लाईट गेली रे गेली की तुम्ही सगळे मागात हात घालून शटल ओढता. स्विच बंद करायला कोणी जात नाही. मी वाकून बघते तर तुम्ही ओरडता, ‘तठे काय देखी ऱ्हायनी? मांगे सरक!’ एकदा तुमचा हात आत असतानाच लाईट परत आली आणि बोटाचं पेर गेलं. बरेच दिवस तुम्ही डाव्या हाताने जेवलात आणि बरं वाटताच पुन्हा तसाच हात घालू लागलात. त्याचा राग मला अजून आहे.

आज तिथेच जवळच्या एका कारखान्यात आमची पहिली चाचणी होती. लाईट गेली तरी आमच्या विजेवर माग आणखी थोडा चालणार, शटल कडेच्या पेटीत आणून आपणहून थांबणार. माग चालवणाऱ्या धुळ्याकडच्या कारागिराला मी हे दोनदा समजावलं होतं. तो मान डोलवत होता. दुपारी लाईट खरोखरच गेली. पंखे थांबले, बाकीचे माग गप्प झाले, आमचा एकटा खडखडत राहिला. आणि त्याचा हात चालत्या मागात जायला निघाला. मी त्याच्या शर्टाला धरून ओढलं, दोघंही बॉबिनच्या पेटीवर आदळलो. माग ठरल्याप्रमाणे थांबला.

‘लाईट गयी म्हनीसन हात गया, ताई. सवय शे,’ म्हणून तो हसला. मला हसता येईना, मी तिथेच बसून रडले. लाईट गेली म्हणजे यंत्र मेलं, हे या लोकांच्या हातांना ठाऊक आहे, आणि मी ते यंत्र जिवंत ठेवलं होतं. मी वायरी काढून घेतल्या. माग चालू असेपर्यंत हात आत जाणार नाही अशी जाळी बसवल्याशिवाय जोडणार नाही, असं शेठला सांगितलं. तो म्हणाला, ‘बेन, जाळी लावली तर काम कधी करायचं?’ दुसरा कोणताही कारखाना आम्हाला दारात उभं करत नाही. हा कारखाना हातचा गेला तर प्रकल्प गुंडाळावा लागेल.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी हाताचं सांगायला लागले तर म्हणाले, ते नंतर, आधी सांग, कापडावर रेघ आली का? मी म्हटलं, नाही, स्वच्छ निघालं. त्यांना फार आनंद झाला.

नाना, कापडाकडे मी पाहिलंच नव्हतं.